बनगरवाडी आपल्या गटात

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्या आल्या होत्या त्यांनी मागितलं म्हणून, इथं छापत आहोत.)



दरवर्षी या सभेत मी उभी राहते ती कागद घेऊन. किती गट, किती बचत, किती कर्ज, किती थकबाकी. यंदा अध्यक्षताई म्हणाल्या, "आकडे मॅनेजर सांगतील. तू त्या पुस्तकाचं सांग. अर्ध्या गावात बाया त्याच्यावरच बोलायल्यात." म्हणून आज मी पुस्तकाचं सांगणार आहे. पण खरं सांगते, पुस्तकाचं थोडं आणि तुमचंच जास्त. कारण मी फक्त वाचलं. बोललात तुम्ही.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. मागच्या वर्षी आषाढात मी धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. पावसानं ताण दिला होता. पेरलेलं उगवून मान टाकत होतं. बैठक रात्री आठची होती, पण सचिवताई टँकरच्या रांगेत अडकल्या होत्या आणि सगळी रजिस्टरं त्यांच्याकडं. मग आम्ही मारुतीच्या ओसरीवर बसून राहिलो. माझ्या पिशवीत 'बनगरवाडी' होती. एक आजी म्हणाल्या, "नुस्तं बसण्यापरीस वाच की मोठ्यानं. आमाला बी कळू दे काय हाय त्यात." मी मोबाईलच्या उजेडात दोन पानं वाचली. तेवढ्यात सचिवताई आल्या. बचत झाली, हिशोब झाला, सह्या-अंगठे झाले. उठताना त्याच आजी म्हणाल्या, "पुढच्या बैठकीला पुस्तक इसरू नगं."

तिथून पुढं दर बैठकीत हिशोब झाला की अर्धा तास वाचन, असं सुरू झालं. हळूहळू ते शेजारच्या तीन गावांत गेलं. पंचसूत्रीत वाचन कुठं बसत नाही, हे मला माहीत आहे. पण बाया वेळेवर यायला लागल्या, हेही रजिस्टरात दिसतंय.

आता ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते.

'बनगरवाडी' ही व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी. १९५५ साली आली. माडगूळकर माणदेशातले, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळे गावचे. आणि आपल्यासाठी एक जवळची गोष्ट म्हणजे १९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या अंबाजोगाईत भरलं होतं, त्याचे अध्यक्ष हेच माडगूळकर होते. म्हणजे हा माणूस आपल्या जिल्ह्यात येऊन, आपलं पाणी पिऊन गेलेला आहे. या कादंबरीवर अमोल पालेकरांनी १९९५ साली सिनेमाही काढला.

गोष्ट औंध संस्थानच्या काळातली. राजाराम नावाचा एक कोवळा मास्तर. त्याची पहिलीच नेमणूक बनगरवाडी नावाच्या धनगरांच्या वाडीत होते. शाळेत पोरं नाहीत, सगळी मेंढरांमागं. वाडीचा म्हातारा कारभारी मास्तरला हाताशी धरतो. मास्तर पोरं गोळा करतो, लोकांची पत्रं लिहितो, तंटे ऐकतो, तालुक्याहून सामान आणून देतो. सगळी वाडी मिळून एक तालीम बांधते आणि तिच्यासाठी खुद्द राजा वाडीत येतो. मग पाऊस फिरतो. गवत जळतं, मेंढरं मरायला लागतात. लोक उरलेली मेंढरं घेऊन जगायला म्हणून बाहेर पडतात. वाडी रिकामी होते. शाळेत पोरं नाहीत म्हटल्यावर मास्तरची बदली होते आणि तो निघून जातो. एवढीच गोष्ट.

कॉलेजात आम्हाला या पुस्तकाबद्दल शिकवलं होतं की ही माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याची कादंबरी आहे. इथं माणूस निसर्गापुढं लहान आहे, त्याच्या तालावर जगतो, वगैरे. मी परीक्षेत तसंच लिहिलं होतं आणि मला मार्कही चांगले पडले होते. तुमच्यासमोर वाचल्यावर कळलं, की मी पुस्तकाचा अर्धाच पेपर सोडवला होता.

पहिली प्रतिक्रिया आली ती मला जरा लागलीच. एक ताई म्हणाल्या, "यात नवं काय हाय मॅडम? पाऊस न्हाई, मेंढरं मेली, माणसं गेली. हे तर आमचं रोजचं हाय. पुस्तकात वाचायचं म्हंजी काहीतरी येगळं पायजे." मी गप्प बसले. पण त्यांच्याच जाऊबाई म्हणाल्या, "आगं, पर आपलं कुणी लिहिलंय का कधी? लिहिलं म्हणून तर ह्या पोरीला बीडवरून येऊन वाचू वाटलं." त्यावर बराच वेळ चर्चा झाली. आपल्या रोजच्या गोष्टीत लिहिण्यासारखं काही असतं का? शेवटी ठरलं, की असतं, पण रोज आपण त्यात असतो म्हणून दिसत नाही. डोळ्याला पापणी दिसत नाही तसं.

दुसरी गोष्ट शेकूच्या बायकोची. पुस्तकात शेकू नावाच्या धनगराकडं औताला दुसरा बैल नसतो. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः जुवाला लागते. मी हा भाग वाचला त्या रात्री कुणी बोलेना. मला वाटलं, बाया हळहळतायत. मग एक ताई हसून म्हणाल्या, "त्यात काय लिहायचं? मी ओढलंय की कोळपं. मालक मागून धरायचा, मी म्होरून ओढायची." मग दुसरी म्हणाली, "मी बी." तिसरी म्हणाली, "मी बी." त्या ओसरीवर अकरा बाया होत्या, त्यातल्या सात जणींनी हात वर केले. एका मावशींनी पदर बाजूला करून खांदा दाखवला. म्हणाल्या, "बैल मेला असता तर गाव गोळा झालं असतं. बाईचा खांदा सोलला तर कोण बघतंय?"

तिथून बोलणं गेलं ते उसाकडं. आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एकटी धरली तर अर्धा कोयता. पहाटे तीनला उठून तोडायला लागायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि कोपीवर येऊन परत चूल पेटवायचीच. एक दिवस बसलं तर खाडा. त्या खाड्याच्या भीतीनं काय काय केलं जातं, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. २०१९ साली गर्भाशयाच्या पिशव्या काढण्यावरून आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या रात्री एका ताईंनी स्वतःचं सांगितलं. काय सांगितलं ते मी इथं माईकवर सांगणार नाही, तसं आमचं त्या दिवशीच ठरलंय. पण शेवटी त्या एक वाक्य बोलल्या, ते सांगायची त्यांनी मला परवानगी दिली आहे. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी निसर्ग निसर्ग म्हणताव, म्हंजी नुस्तं झाड आन् पाणी व्हय? बाईचं अंग बी निसर्गच हाय की. त्याला बी ऋतू हायेत. ते कुणी इचारात घेतलं?"

मी एमएसडब्ल्यू केलंय. दोन वर्षांत पर्यावरणावर किती तास ऐकले असतील. हे वाक्य मला कुठल्या वर्गात ऐकायला मिळालं नव्हतं.

तिसरी गोष्ट म्हणजे भांडण. खरोखरचं भांडण झालं, ते मी लपवत नाही. वाडीवर दुष्काळ येतो तो भाग वाचला आणि मी सहज विचारलं, "ही वाडी कुणामुळं मोडली?" आजी म्हणाल्या, "देवाची करणी. पाऊस काय माणसाच्या हातात हाय?" एक सून, बारावी झालेली, म्हणाली, "देवाचं नाव सांगून माणसं सुटत्यात." झालं. दोन तट पडले.

आजींनी मग बहात्तरचं सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्यानं नांदायला आल्या होत्या. खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जायच्या. त्याच दुष्काळातून आपल्या राज्यात रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे आपण प्रशिक्षणात शिकतो. पण शिकणं वेगळं आणि ज्यांच्या हातांनी ती खडी फोडली त्यांच्याकडून ऐकणं वेगळं. आजी म्हणाल्या, "तव्हा खायला नव्हतं, पर हिरीत पाणी होतं. कामावरून आलं की हिरीवर जाऊन पोटभर पाणी पेवून झोपायचो. आता रेशनचं धान्य घरात हाय आन् पाण्याला टँकर."

हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे, मराठवाड्यात म्हाताऱ्या माणसांकडून हे वाक्य ऐकायला मिळतंच. पण त्या रात्री ती बारावी झालेली सून म्हणाली, "आजी, मंग हेच तर मी म्हणायले. तव्हा बी पाऊस नव्हता, पर पाणी होतं. मंग पाणी नेलं कुणी? देवानं का बोअरनं?"

आता यातलं गणित जरा सांगते, कारण नंतर बऱ्याच जणींनी विचारलं. आपण सह्याद्रीच्या मागच्या बाजूला आहोत. समुद्रावरून येणारे ढग डोंगराला अडून तिकडंच बरसतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपल्या जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या आसपास. माणदेश पण असाच डोंगराच्या मागं पडलेला, म्हणून बनगरवाडी आपल्याला आपली वाटते. हे झालं निसर्गाचं. ते आपल्या हातात नाही. इथं आजी बरोबर.

पण दुसरी बाजू बघा. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर ते पाणी होतं सुमारे चार हजार लिटर. म्हणजे साडेसहाशे मिलिमीटर पडला तर एकरी सव्वीस लाख लिटर. दुष्काळात त्याच्या निम्मा पडला तरी तेरा लाख लिटर. हे पाणी कुठं जातं? आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरतं ते भेगांमधून, थोडं थोडं आणि सावकाश. वरचं झाड-गवत गेलं, बांध मोडले, की पाणी थांबत नाही, वाहून जातं. आणि खालून आपण पाचशे-सातशे फुटांचे बोअर मारून जुनं साठलेलं पाणी उपसतो. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, याच्या खाली गेलेल्या विहिरीला खोल विहीर म्हटलंय. आपल्या गावात दोनशे फुटांवर आता कुणी थांबतं का? आणि उसासारख्या पिकाला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. पडतं साडेसहाशे. हा फरक कुठून तरी आणावाच लागतो. इथं ती सून बरोबर.

त्या रात्री दोघींचं पटलं नाहीच. पण जाताना आजी तिला म्हणाल्या, "तू म्हणतीस तसं बी आसंल. पर पाऊस पाडायचं तुमच्या बोअरला येत न्हाई, एवढं ध्यानात ठिव." मला वाटतं, दोघींची वाक्यं एका कागदावर लिहिली तर आपल्या जिल्ह्याचा पाण्याचा आराखडा तयार होईल.

चौथी गोष्ट एका धनगर समाजातल्या ताईंची. त्यांच्या घरी आजही मेंढरं आहेत. दसऱ्यानंतर माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, शेतात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, यांना धान्य मिळतं. मी वाचताना सारखी म्हणत होते, बिचारी वाडी, बिचारी माणसं. त्या ताई दोन बैठका ऐकून घेत होत्या. तिसऱ्या बैठकीत म्हणाल्या, "मॅडम, तुमी बिचारं बिचारं नका म्हणू. धनगर पळून जात न्हाई. गवत संपलं का त्यो बाजूला होतो. माळाला इसावा देतो. पाऊस पडला का माघारी येतो. एकाच जागी बसून सगळं वरबाडून खाल्लं, तर ना मेंढी जगंल, ना माळ."

हे ऐकल्यावर एका ऊसतोड ताईंनी जे विचारलं, त्यानं मला आजवर झोप लागू दिलेली नाही. त्या म्हणाल्या, "वाडीतली माणसं पाऊस न्हाई म्हणून गेली. धनगर गवत संपलं म्हणून जातो. मंग औंदा पाऊस चांगला झाला तरी आमी कामून जातो?"

कुणी उत्तर दिलं नाही. मग त्यांनीच दिलं. "कारण उचल घेतलेली आसती. दुष्काळ कधीमधी येतो. मुकादम दरसाल येतो."

सख्यांनो, बनगरवाडी वाचून आपण निसर्गाबद्दल बोलत होतो आणि पोचलो ते इथं. काही गोष्टी निसर्ग करतो आणि काही गोष्टी निसर्गाच्या नावावर खपतात. दोन्ही वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. कारण पहिलीला तयारी लागते आणि दुसरीला हिशोब लागतो. आणि हिशोब आपल्याला येतो. त्यासाठीच तर आपण गट काढले.

आता पाचवी आणि शेवटची गोष्ट. ही माझ्यावरच उलटली.

पुस्तक संपायला थोडी पानं राहिली होती आणि दसरा आला. तुम्हाला माहीत आहे मग काय होतं. ट्रक, ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. भांडी, पीठ, कोंबड्या, लेकरं, सगळं गाडीत. एका गटात चौदा बाया होत्या, चार उरल्या. त्यातल्या दोघी म्हाताऱ्या, एक बाळंतीण आणि एक अंगणवाडी मदतनीस. मी बैठकीला गेले आणि रजिस्टरात गैरहजेरीच्या खुणा करत बसले. वाडी रिकामी होते ते प्रकरण पुस्तकात वाचायचं राहिलं होतं आणि ओसरीवर ते घडून गेलं होतं. मी पिशवीतून पुस्तक काढलंच नाही.

बाया माघारी आल्या त्या चैत्र संपता संपता. वैशाखात बैठक लागली. मी पुस्तक काढलं तर गटाच्या सचिवताई म्हणाल्या, "आज मी वाचते." या सचिवताई सातवीत असताना शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या. गटाचं रजिस्टर लिहून लिहून त्यांचं वाचन परत सुरू झालं. पहिली दोन पानं अडखळत गेली. जोडाक्षराला थांबायच्या, आजूबाजूच्या सांगायच्या. मग लागली गाडी रुळावर. वाडी रिकामी होते, मास्तरला बदलीचा हुकूम येतो, मास्तर निघतो. शेवटचं पान त्यांनी वाचलं आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

मी नेहमीसारखं विचारलं, "कसं वाटलं?"

ज्या आजींनी पहिल्या दिवशी पुस्तक वाचायला लावलं होतं, त्या म्हणाल्या, "मास्तर चांगला व्हता. पर त्याची बदली झाली. बनगराची कुठं बदली व्हती? त्यो जिथं जाईल तिथं त्याचा दुष्काळ संगं." आणि मग माझ्याकडं बघून, अगदी मायेनं, म्हणाल्या, "पोरी, तू बी मास्तरच हाईस. तुझी बी बदली व्हईल येक दिवस."

मला काय बोलावं कळेना. कारण ते खरं होतं. तोच आठवडा होता, मला पुण्याहून एका नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त. घरचे म्हणत होते, जा. मी गटात कुणाला सांगितलं नव्हतं. आजींना काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त पुस्तक नीट ऐकलं होतं.

त्या रात्री मी गाडीवर परत येताना घाटात थांबले. मला दोन गोष्टी सुचल्या. एक म्हणजे, मी राहिले काय आणि गेले काय, मी मास्तरच राहणार. मला जायची सोय आहे. हे मान्य केल्याशिवाय तुमच्यासमोर उभं राहणं खोटं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, मास्तर गेल्यावर वाडीत काय उरलं? तालीम उरली, पण तिच्यात जायला माणसं नव्हती. म्हणजे बांधलेलं उरतं, पण ते चालवणारं माणूस गावातलं नसेल तर ते नुसत्या भिंती.

मी पुण्याला गेले नाही. पण याचं कौतुक करू नका, कारण पुढच्या वर्षी कदाचित जाईन. मी कायम इथंच राहीन, असं वचन मी आज या माईकवरून देत नाही. दिलं तर ते आजींना पटणारही नाही. पण मी गेले तरी चालू राहील असं काय काय करायचं, ते त्या बैठकीनंतर आम्ही मिळून ठरवलं. तेवढं सांगून मी थांबते.

पहिलं. आता वाचन मी करत नाही. चारही गावांत गटातलीच एक बाई वाचते. जिला वाचता येतं ती वाचते, जिला येत नाही ती प्रश्न विचारते. दोन्ही कामं सारखीच मोठी आहेत.

दुसरं. त्या गटानं कर्जाच्या अर्जावर एक प्रश्न वाढवला आहे. कुणी बोअरसाठी अंतर्गत कर्ज मागितलं तर विचारायचं, आधीचा बोअर किती फुटांवर गेला, लागला का, आणि शेजारच्याचा आटला का? कर्ज नाकारायचं नाही, पण विचारायचं. पहिल्याच महिन्यात एका ताईंनी अर्ज मागं घेतला आणि त्याच पैशातून दोन शेळ्या घेतल्या. दुसऱ्या ताईंनी घेतलं, बोअर मारला, कोरडा गेला. त्यांचे हप्ते चालू आहेत. दोन्ही गोष्टी सांगते, कारण आपण यशोगाथाच तेवढ्या सांगतो आणि मग पुढची बाई फसते.

तिसरं. दसऱ्याला जाणाऱ्या बायांच्या लेकरांचं. हंगामी वसतिगृहाची योजना आपल्या जिल्ह्यात आहे. पण यादी वेळेवर गेली नाही तर लेकरू आईसोबत फडात जातं. यंदा ग्रामसंघ ही यादी भाद्रपदातच करणार आहे, आणि कोणत्या घरी आजी आहे, कोणत्या घरी नाही, हे बाया स्वतः लिहिणार आहेत. सरकारी कागदात आजीचा रकाना नसतो. आपल्यात असतो.

चौथं. उचलीचा हिशोब. किती घेतली, किती फिटली, खाडे किती लावले, हे प्रत्येक ऊसतोड ताईनं गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. मुकादमाच्या वहीत एकच बाजू असते. दुसरी बाजू आपल्या वहीत असली तर पुढच्या वर्षी बोलायला तोंड राहील. हे काम अवघड आहे, घरात भांडणं होतील, हे मला माहीत आहे. म्हणून ज्यांना जमेल त्यांनीच सुरू करायचं. सध्या सहा जणींनी सुरू केलंय.

एका पुस्तकानं हे सगळं झालं, असं मी म्हणत नाही. यातलं बरंचसं तुम्ही आधीपासून बोलतच होतात, चुलीपुढं, पाण्याच्या रांगेत, फडात. पुस्तकानं एवढंच केलं, की सगळ्या जणी एका जागी बसून एकाच गोष्टीवर बोलल्या. दुसऱ्याच्या वाडीबद्दल बोलताना स्वतःच्या वाडीबद्दल बोलणं सोपं जातं.

जाता जाता पुढच्या पुस्तकाचं. माडगूळकरांचंच 'सत्तांतर' आम्ही घ्यायचं ठरवलंय. ते वानरांच्या टोळीवर आहे. त्यात माणूस जवळपास नाहीच. त्याला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाव ऐकल्याबरोबर एक ताई म्हणाल्या, "वानरांचं आमाला नका शिकवू." कारण तुम्हाला आठवत असेल, २०२१ च्या डिसेंबरात आपल्या माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती, पार देशाच्या बाहेरपर्यंत बातम्या गेल्या होत्या. शेवटी वनविभागानं दोन वानरं पकडून नेली. टीव्हीवाल्यांनी त्याला टोळीयुद्ध म्हटलं, सूड म्हटलं. माडगूळकर वानरांकडं कसं बघतात, आणि आपण कसं बघतो, हे वाचल्यावर बोलू. आजींनी आत्ताच सांगितलंय, "वानराला सूड कळत न्हाई, ते माणसाचं काम हाय." बघू, पुस्तक काय म्हणतंय.

ज्या गटांना वाचन सुरू करायचंय त्यांनी आपल्या सीआरपी ताईंना सांगा. महासंघाच्या कपाटात दोन प्रती आहेत. एक अट आहे. पुस्तक परत करताना कोऱ्या पानावर तुमच्या गटानं काय बोललं ते चार ओळी लिहून द्यायचं. लिहिता येत नसेल तर दुसरीकडून लिहून घ्या, पण शब्द तुमचेच पाहिजेत.

आणि आजी, तुम्ही पहिल्या रांगेत बसल्या आहात, मला दिसताय. तुम्ही त्या रात्री जे बोललात त्याचं उत्तर मी आज दिलंय असं समजा. पुरं नसेल तर पुढच्या बैठकीला ओसरीवर बोलू.